कडक शिक्षा की पुनर्वसन? टिपण लिहायचंय, आकडे एकमेकांशी जुळत नाहीत (चर्चेचा धागा; प्रत्येक उताऱ्याच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

तळटीप

तुरुंगसुधारणेवर एका अभ्यासगटासाठी सात-आठ पानांचं टिपण लिहायचं आहे. विषय नेहमीचाच: कडक शिक्षा की पुनर्वसन. वाचायला घेतलं आणि आधी जे स्पष्ट वाटत होतं तेही धूसर झालं. जाणकारांनी मदत करावी.

पहिलं म्हणजे, नॉर्वेत सुटलेल्यांपैकी २० टक्के लोक पुन्हा गुन्हा करतात आणि अमेरिकेत ७५ टक्क्यांच्या वर, ही जोडी प्रत्येक लेखात भेटते. ती जशीच्या तशी घ्यावी का? दुसरं, शिक्षेची वर्षं वाढवली की धाक बसतो याला पुरावा आहे की नाही? दोन्ही बाजूंचे लोक छातीठोकपणे बोलतात. तिसरं, ‘पुनर्वसनाचा कार्यक्रम’ म्हणतात त्यात प्रत्यक्षात काय असतं? किती तास, गटात किती माणसं, कोण घेतं? आणि चौथं, फसतं कुठे? यशोगाथांचा ढीग माझ्याकडे आहे, अपयशाचे कागद हवेत.

न्याय, सूड, कैद्यांचे हक्क हा तात्त्विक भाग टिपणात वेगळ्या प्रकरणात आहे. कृपया इथे तो नको.

मोजपट्टी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. ती जोडी टिपणात घालू नका.

‘पुन्हा गुन्हा’ तीन जागी मोजता येतो: पुन्हा अटक, पुन्हा दोषसिद्धी, पुन्हा तुरुंगवास. अमेरिकेच्या न्याय सांख्यिकी विभागाने ३० राज्यांतून २००५ साली सुटलेल्या चार लाखांहून जास्त कैद्यांचा माग ठेवला. पाच वर्षांत पुन्हा अटक झालेले ७६.६ टक्के. त्याच लोकांपैकी, त्याच पाच वर्षांत, पुन्हा दोषी ठरलेले ५५.४ टक्के. नव्या गुन्ह्यासाठी नव्याने तुरुंगाची शिक्षा झालेले २८.२ टक्के. माणसं तीच, काळ तोच, फक्त पट्टी बदलली की ७६ चे २८ होतात. नॉर्वेचा २० हा आकडा दोन वर्षांतल्या नव्या दोषसिद्धीचा आहे. एकीकडे पाच वर्षं आणि अटक, दुसरीकडे दोन वर्षं आणि दोषसिद्धी. ही तुलना नव्हेच.

त्यात छेदही वेगळा, म्हणजे टक्का कोणत्या लोकांतून काढला तेही. नॉर्वेत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दलही लोक काही आठवड्यांसाठी आत जातात. अमेरिकेच्या या यादीत राज्यांच्या मोठ्या तुरुंगांतून सुटलेले आहेत, म्हणजे मुळातच जास्त गंभीर प्रकरणं. शिवाय कुठल्याही एका वर्षी ‘सुटलेल्यांची’ यादी केली की वारंवार आत-बाहेर करणारे तिच्यात जास्त भरतात. आयुष्यात एकदाच तुरुंगात गेलेला माणूस अशा यादीत एकदाच येऊ शकतो, फिरत्या दारातला पाच वेळा.

मग काय वापरायचं? एकाच देशाच्या आतली तुलना. नॉर्वेत खटले न्यायाधीशांना योगायोगाने वाटले जातात, आणि काही न्यायाधीश तुरुंगात पाठवायला जास्त तयार असतात, काही कमी. भुल्लर आणि सहकाऱ्यांनी २०२० साली छापलेल्या अभ्यासात याचाच फायदा घेतला. निष्कर्ष दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे. तुरुंगात गेल्याने पुढचे गुन्हे घटले, पण घट आली ती आधी बेकार असलेल्यांमुळे. ते आत असताना प्रशिक्षणात शिरले आणि बाहेर आल्यावर कामाला लागले. आधीपासून नोकरीवर असलेल्यांची नोकरी मात्र गेली, आणि गुन्ह्यांच्या बाबतीत लाभ शून्य. म्हणजे ‘तुरुंग बिघडवतो’ हेही सरसकट खरं नाही आणि ‘तुरुंगाने माणूस वठणीवर येतो’ हेही नाही. आत काय मिळतं आणि आत जाण्याने बाहेरचं काय तुटतं, यांची वजाबाकी करावी लागते.

अडसर

दुसरा प्रश्न माझ्याकडे.

‘कडक’ या एका शब्दात तीन गोष्टी कोंबल्या जातात: पकडलं जाण्याची खात्री, शिक्षेची लांबी, आणि तुरुंगातली परिस्थिती. तिघींचा पुरावा वेगवेगळा आहे. वाद घालणारे एकीचा पुरावा दुसरीला चिकटवतात, म्हणून तुम्हाला दोन्ही बाजू छातीठोक वाटल्या.

खात्रीबद्दल फारसा वाद नाही. डॅनियल नेगिन यांनी २०१३ साली या विषयातलं संशोधन एकत्र तपासलं. धाक असतो तो पकडलं जाण्याचा, वर्षांच्या आकड्याचा फार थोडा. कारण साधं आहे. गुन्हा करणारा कलमांची पुस्तकं चाळून निघत नाही, आणि दहा वर्षांऐवजी पंधरा वर्षं हा फरक त्या क्षणी डोक्यात शिरतच नाही.

पण ‘लांबीचा काहीच परिणाम नाही’ असं लिहू नका, ते चूक ठरेल. २००६ साली इटलीने सामूहिक माफी दिली, तीन वर्षांपर्यंतची शिक्षा माफ. अट अशी की पाच वर्षांत पुन्हा गंभीर गुन्हा केला तर माफ झालेली शिक्षा नव्या शिक्षेत जोडली जाईल. त्यामुळे एकसारखा गुन्हा केलेल्या दोघांपैकी एकाच्या डोक्यावर पाच महिने टांगलेले, दुसऱ्याच्या तीस. द्रागो, गाल्बियाती आणि व्हेर्तोव्हा यांना दिसलं की टांगलेला प्रत्येक जादा महिना पुन्हा गुन्ह्याची शक्यता सुमारे १.३ टक्क्यांनी कमी करतो. धाक आहे, मोजण्याइतका आहे. कॅलिफोर्नियाच्या १९९४ च्या ‘तीन गुन्हे आणि जन्मठेप’ कायद्यातही दोन गुन्हे आधीच नोंदलेल्या लोकांच्या गंभीर गुन्ह्यांतल्या अटका १७ ते २० टक्क्यांनी कमी झाल्या, असा हेलंड आणि टॅबारॉक यांचा हिशोब आहे.

अडचण किमतीत आहे. गुन्हेगारीचं वय ठरलेलं असतं: पौगंडावस्थेच्या शेवटी आणि विशीच्या सुरुवातीला शिखर, मग उतार. तिसरा गुन्हा नोंदला जाईपर्यंत माणूस बहुधा तिशी-चाळिशीत पोचलेला असतो. म्हणजे आपण त्याला नेमक्या त्या वर्षांसाठी कोंडतो ज्या वर्षांत तो तसाही थंडावला असता, आणि साठीनंतरच्या औषधपाण्याचा खर्चही राज्याच्या गळ्यात. कॅलिफोर्नियाने २०१२ साली मतदारांच्या कौलाने तिसरा गुन्हा गंभीर असावा अशी दुरुस्ती केली ती उगाच नव्हे.

आता तिसरी गोष्ट, परिस्थिती. ‘तुरुंग म्हणजे काय पाहुणचार आहे का’ हा सगळा सूर हिच्याबद्दल असतो आणि पुरावा हिच्याच विरुद्ध सगळ्यात ठाम आहे. अमेरिकेच्या संघीय तुरुंगांत कैद्याला गुण देऊन सुरक्षेची पायरी ठरते. चेन आणि शपिरो यांनी २००७ साली सीमारेषेच्या अलीकडचे आणि पलीकडचे कैदी पडताळले. गुणांत जेमतेम फरक, पण पलीकडचे जास्त कडक तुरुंगात गेलेले. कडक तुरुंगातल्यांचे पुढचे गुन्हे कमी झाले नाहीत, उलट वाढीकडेच कल दिसला. इटलीतही त्याच माफीवाल्यांमध्ये वाईट तुरुंगांतून आलेले लोक जास्त घाबरलेले निघाले नाहीत.

एकांत कोठडीचा तर दोनशे वर्षांचा अनुभव आहे. फिलाडेल्फियाचा ईस्टर्न स्टेट तुरुंग १८२९ साली उघडला तो एकांतात पश्चात्ताप होईल या प्रामाणिक समजुतीवर. १८९० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात नोंदवलं की अशा एकांताने काही कैदी अर्धवट भ्रमिष्ट झाले, काहींनी जीव दिला, आणि जे सावरले तेही समाजाच्या उपयोगाचे उरले नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांत व्याख्या आहे: दिवसाचे २२ तास किंवा अधिक, अर्थपूर्ण मानवी संपर्काशिवाय. सलग १५ दिवसांच्या पुढे मनाई. तुमच्या टिपणात ‘कडक’ची वरची मर्यादा म्हणून हीच ओळ घाला.

जाता जाता, ‘खात्रीची पण छोटी शिक्षा’ यावर भाळूनही जाऊ नका. हवाईत न्यायाधीश स्टीव्हन आल्म यांनी २००४ साली परिवीक्षेवरच्या, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहणाऱ्या लोकांसाठी पद्धत सुरू केली: नशेची चाचणी चुकवली की लगेच, दर वेळी, दोन-चार दिवस आत. आधी दहा चुका माफ आणि अकराव्याला एकदम काही वर्षं असा कारभार होता. २००९ च्या मूल्यमापनात नव्या अटका ५५ टक्क्यांनी कमी. सगळीकडे उदो उदो झाला. २०१६ साली आर्कान्सा, मॅसॅच्युसेट्स, ऑरेगन आणि टेक्सस इथल्या चाचण्यांचे निकाल आले: नेहमीच्या परिवीक्षेपेक्षा फरक नाही.

चौकट

तिसऱ्या प्रश्नाला लांबलचक उत्तर लागेल, क्षमस्व.

‘काहीच उपयोगी पडत नाही’ हे वाक्य रॉबर्ट मार्टिन्सन यांच्या १९७४ च्या लेखावरून सगळीकडे पसरलं. १९७९ साली त्यांनी स्वतःच ते बरंचसं मागे घेतलं, पण तोवर धोरणं बदलून गेली होती. १९९० पासून अँड्र्यूज आणि बाँटा यांची जी चौकट रूढ झाली तिचे तीन भाग: धोका, गरज, आणि शिकवण्याची रीत.

धोका, म्हणजे माणूस पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता, यावरून कोणाला घ्यायचं ते ठरतं. प्रचलित प्रश्नावलीत ५४ बाबी असतात, मुलाखत आणि कागदपत्रं दोन्ही तपासून भरायच्या. जास्त धोक्याच्या माणसाला कार्यक्रम द्यायचा, कमी धोक्याच्या माणसाला सोडून द्यायचं. हे प्रशासनाला पटवणं महाकठीण, कारण शहाणे, वेळेवर येणारे, वही नीट ठेवणारे कैदी कमी धोक्याचेच असतात आणि अहवालात तेच शोभून दिसतात. ओहायोतल्या सुटकेनंतरच्या निवासकेंद्रांच्या अभ्यासात नेमकं हेच बाहेर आलं. जास्त धोक्याच्या लोकांचे गुन्हे घटले, कमी धोक्याच्यांचे वाढले. कारण उघड आहे. बऱ्यापैकी मार्गावर असलेल्या माणसाला उचलून तुम्ही अट्टल लोकांच्या गटात बसवता, आणि ज्या नोकरीने, घराने त्याला धरून ठेवलेलं असतं तेच तोडता.

गरज म्हणजे कशावर काम करायचं. गुन्ह्याशी थेट जोडलेल्या गोष्टी: गुन्ह्याचं समर्थन करणारे विचार, संगत, उतावीळपणा, नशा, काम आणि शिक्षण, घरचे संबंध, रिकाम्या वेळेचं काय करतो. नुसता आत्मविश्वास वाढवणं यात बसत नाही. विचार तेच ठेवून आत्मविश्वास वाढवला तर तुम्हाला आत्मविश्वास असलेला चोर मिळतो. योग, संगीत, चित्रकला तुरुंगातली शांतता राखायला चांगल्या. जरूर चालवा, पण त्यांना पुनर्वसनाच्या खात्यात लिहू नका.

रीत म्हणजे व्याख्यान नाही. प्रसंग घ्यायचा, त्या क्षणी मनात काय आलं ते लिहायचं, पर्यायी प्रतिक्रिया ठरवायची आणि मग ती उभं राहून, समोर माणूस घेऊन, पुन्हा पुन्हा करून बघायची. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं आणि अभिनय. गटात आठ ते दहा जण. बारावर गेला की तो वर्ग होतो, सराव थांबतो. चालवणारे दोन: एक बोलतो, दुसरा चेहरे बघतो.

मात्रेचा ठोकताळा: मध्यम धोक्याला १०० तास, त्याच्या वर २०० तास, आणि जास्त धोका व अनेक गरजा एकत्र असतील तर ३०० किंवा अधिक. आता कॅलेंडर काढा. आठवड्याला दोन बैठका, प्रत्येकी दोन तास, म्हणजे चार तास. २०० तासांना ५० आठवडे लागतात, तेही एकही बैठक न चुकता. सहा महिन्यांची शिक्षा असलेल्या माणसाच्या वाट्याला फार तर १०४ तास येतात, त्यातला पहिला महिना दाखल करून घेणं, वैद्यकीय तपासणी आणि मूल्यमापनात जातो. छोट्या शिक्षा या अर्थाने सगळ्यात निरुपयोगी. नोकरी आणि खोली घालवायला पुरेशा लांब, काही शिकवायला अपुऱ्या.

आता गळती, म्हणजे तुमचा चौथा प्रश्न. कार्यक्रम अर्ध्यात असताना बदली. कर्मचारी कमी म्हणून दिवसभर कुलूपबंदी आणि बैठक रद्द. न्यायालयाची तारीख. रांग इतकी लांब की नंबर लागेपर्यंत सुटका. आणि मोजणी ‘किती जणांना प्रमाणपत्र दिलं’ एवढीच, त्यामुळे झोपलेल्यालाही प्रमाणपत्र. एक सापळा खास लक्षात ठेवा. अहवालात ‘पूर्ण करणाऱ्यांची’ तुलना न घेणाऱ्यांशी केलेली असेल तर तो बाजूला ठेवा. अर्धवट सोडणारे सहसा सुरुवातच न केलेल्यांपेक्षाही वाईट निघतात. त्यांना वगळलं की कुठलाही कार्यक्रम यशस्वी दिसतो. सुरू केलेले सगळे मोजायचे.

नीट चाललं तर किती फरक पडतो? विचार आणि वर्तन बदलणाऱ्या कार्यक्रमांवरचे ५८ अभ्यास लँडनबर्गर आणि लिप्सी यांनी एकत्र केले: शंभरात ४० ऐवजी ३०. चमत्कार नाही, पण शंभरातले दहा. शिक्षणाचा आकडा रँड संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात ४३ टक्के घट असा आहे, आणि खर्चलेल्या एका डॉलरमागे पुढच्या तीन वर्षांत तुरुंगावरचे चार-पाच डॉलर वाचतात. तरी १९९४ साली अमेरिकेने कैद्यांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचं केंद्रीय अनुदान बंद केलं होतं. ते परत द्यायचा कायदा २०२० साली झाला आणि अंमल जुलै २०२३ पासून.

व्यवसाय शिक्षणात तर हास्यास्पद प्रकार होतात. कॅलिफोर्नियात कैदी वर्षानुवर्षं वणवे विझवायला जात. सुटल्यावर अग्निशमन दलात भरती व्हायला लागणारा आपत्कालीन वैद्यकीय परवाना शिक्षेच्या नोंदीमुळे मिळत नसे. २०२० च्या कायद्याने नोंद पुसून घ्यायची वाट दिली. म्हणून कुठलाही कारखाना उघडण्याआधी एक कागद करा: या कामाला बाहेर परवाना लागतो का, शिक्षेची नोंद असलेल्याला तो मिळतो का, आणि आतलं यंत्र बाहेर अजून वापरात आहे का. परवाना लागतो पण मिळत नाही, किंवा यंत्र बाहेर वापरात नाही, असं निघालं तर त्या कामाला उद्योग म्हणा, प्रशिक्षण म्हणू नका.

तळटीप

खजिनाच आहे. दोन उपप्रश्न. सिंगापूर यात कुठे बसवायचं? फटके, फाशी सगळं आहे आणि पुन्हा गुन्ह्याचं प्रमाण कमी. अभ्यासगटातले एक सदस्य हेच उदाहरण घेऊन बसलेत. आणि चौकट यांनी सांगितली ती गळती झाली. पण कार्यक्रम ठरल्याप्रमाणे पूर्ण चालला आणि तरीही अपाय झाला, असं काही?

उलटतपासणी

सिंगापूर आधी. १९९८ साली सुटलेल्यांपैकी ४४.४ टक्के दोन वर्षांत परत आत होते. अलीकडच्या वर्षांत हे २० टक्क्यांच्या आसपास असतं. आता सदस्यांना एकच विचारा: १९९८ साली सिंगापुरात फटके आणि फाशी नव्हती का? होती. जी गोष्ट दोन्ही वेळी तशीच होती तिने निम्म्याची घट कशी होईल? बदललं ते दुसरंच. शिक्षेचा शेवटचा भाग बाहेरच्या केंद्रात किंवा घरी देखरेखीखाली, मालकांशी बांधून दिलेली कामं, सुटलेल्यांना समाजाने स्वीकारावं म्हणून २००४ पासूनचा यलो रिबन प्रकल्प, सुटकेनंतरची सक्तीची देखरेख. २०१४ पासून शिक्षेतली सूट सशर्त झाली: दोन तृतीयांश शिक्षेनंतर सुटका, पण उरलेल्या काळात गुन्हा केला तर तो काळ पुन्हा भोगायला लागू शकतो. म्हणजे अडसर यांनी सांगितलेली इटलीची युक्तीच. आत आजही चटईवर झोपावं लागतं, सुखसोयी नाहीत. कडक शिस्त आणि पुनर्वसन एका छपराखाली नांदू शकतात, एवढं सिंगापूर दाखवतं. कडकपणाने घट झाली हे ते दाखवत नाही.

अपायाचे तीन कागद.

इंग्लंडमध्ये लैंगिक गुन्हेगारांसाठीचा मुख्य गटकार्यक्रम १९९० च्या दशकापासून चालू होता, प्रशिक्षित माणसं, लेखी नियमावली, सगळं जागेवर. २०१७ साली न्याय मंत्रालयाने मूल्यमापन छापलं: कार्यक्रम घेतलेल्या २,५६२ जणांपैकी १० टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला, तशाच पण कार्यक्रम न घेतलेल्यांपैकी ८ टक्क्यांनी. कार्यक्रम मागे घेतला. त्यात कबुलीवर आणि स्वतःच्या गुन्ह्याचं तपशीलवार कथन करण्यावर भर होता. नंतर आणलेल्या कार्यक्रमांत ती अट काढली. गुन्हा कसा केला ते गटात बसून महिनोन्महिने बोलायचं, यातून बोथटपणा येत असेल ही शंका आधीही घेतली जात होती.

दुसरा जुना आणि फार बोलका. १९३९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये केंब्रिज-सॉमरव्हिल प्रयोग सुरू झाला, तुरुंगाबाहेरच्या मुलांसाठी. ५०६ मुलगे, निम्म्यांना चिठ्ठी टाकून मार्गदर्शक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं, सुमारे पाच वर्षं. मोठेपणी विचारलं तेव्हा बहुतेक म्हणाले, फार मदत झाली. जोन मॅककॉर्ड यांनी १९७८ साली नोंदी काढल्या तर मदत मिळालेले दारू, आजारपण, पुन्हा गुन्हा अशा कित्येक बाबतींत वाईट निघाले. पुढच्या तपासात दिसलं की शिबिरांना एकापेक्षा जास्त वेळा गेलेल्यांचं नुकसान सगळ्यात जास्त. मुलं एकत्र आणली की ती आपसात फुशारक्या मारतात, आणि दाद मार्गदर्शकाची नसते, शेजारच्याची असते. लाभार्थी समाधानी आहेत यावर म्हणूनच विसंबू नये. १९७० च्या दशकात न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकरवी घाबरवायचा जो प्रकार सुरू झाला, त्याच्या चिठ्ठी टाकून केलेल्या चाचण्याही हेच सांगतात: घाबरवलेली मुलं न घाबरवलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करतात. तो ‘कडक’चा आवडता नमुना, मॅककॉर्डचा ‘मवाळ’चा, आणि दोन्हीकडे अपाय.

तिसरा, नोकरीच्या अर्जावरून ‘शिक्षा झाली आहे का’ ही चौकट काढून टाकण्याचा कायदा. हेतू उत्तम. अगन आणि स्टार यांनी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क शहरात सुमारे १५ हजार बनावट अर्ज पाठवले. चौकट होती तेव्हा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा ७ टक्के जास्त बोलावणी. चौकट काढल्यावर हाच फरक ४३ टक्के. माहिती मिळेना म्हणून मालकांनी रंगावरून अंदाज बांधला, आणि भुर्दंड पडला कधीच गुन्हा न केलेल्यांना.

सुमेधा_र

सगळे आतल्या कार्यक्रमाबद्दल बोलताय, पण टिपणात सुटकेच्या दिवसाला निदान एक पान द्या.

वॉशिंग्टन राज्यातल्या ३०,२३७ सुटलेल्यांचा अभ्यास २००७ साली आला. पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका सर्वसाधारण लोकांच्या १२.७ पट, आणि अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मृत्यूचा १२९ पट. कारण शरीराची सवय आत मोडते, पण बाहेर आल्यावर हात जुन्याच मात्रेकडे जातो. ‘आत नशा सुटली’ ही अर्धीच बातमी असते. ऱ्होड आयलंडने २०१६ पासून तुरुंगातच मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन वगैरे नशेची ओढ आवरणारी औषधं सुरू केली आणि सुटल्यावर ती त्याच दिवसापासून बाहेरच्या केंद्रात चालू राहतील अशी जोडणी केली. सुटलेल्यांतले अतिमात्रेचे मृत्यू वर्षभरात सुमारे ६० टक्क्यांनी घटले. महत्त्वाचं आहे ते ‘त्याच दिवसापासून’. मध्ये खंड पडला तर जोखीम पुन्हा वाढते.

शुक्रवारची सुटका हा दुसरा किरकोळ दिसणारा घोळ. दुपारी दार उघडतं, संध्याकाळी कचेऱ्या बंद, आणि निवारा, औषध, देखरेख अधिकारी, सगळं थेट सोमवारी. इंग्लंड आणि वेल्समध्ये यासाठी २०२३ साली खास कायदा करून कामकाजाच्या दोन दिवसांपर्यंत आधी सोडायची मुभा दिली. खर्च जवळपास नाही.

बाकी तयारी किमान तीन महिने आधी सुरू व्हायला हवी. ओळखपत्र, कारण त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि त्याच्याशिवाय खातं, खोली, फोन काहीच नाही. मग पहिल्या रात्रीचा पत्ता लेखी. तिसरं, औषधांचा साठा आणि पहिल्या भेटीची तारीख. चौथं, थकलेला दंड आणि पोटगी यांचा हप्ता, नाहीतर पहिल्या पगारातून इतकं कापलं जातं की काम करण्यात राम उरत नाही. आणि भेटी. मिनेसोटात २००३ ते २००७ मध्ये सुटलेल्या १६,४२० जणांत, आत असताना एकदा तरी कोणी भेटायला आलेल्यांची पुन्हा दोषसिद्धीची जोखीम १३ टक्के कमी होती. भेटणारा कोण, यानेही फरक पडतो. घटस्फोटित जोडीदाराच्या भेटीने जोखीम वाढलेली दिसली.

नॉर्वेचं खरं वेगळेपण मला इमारतीत दिसत नाही. २०१० सालच्या हाल्डेन तुरुंगाची छायाचित्रं सगळे फिरवतात, पण तिथे शिक्षक, डॉक्टर, ग्रंथपाल हे तुरुंगाचे नोकर नसतात, बाहेरच्या सार्वजनिक सेवेतले असतात. त्यामुळे सुटल्यावर माणूस नव्या यंत्रणेकडे जात नाही, त्याच यंत्रणेत राहतो. आणि पहारेकऱ्याचं प्रशिक्षण दोन वर्षांचं, पगारी. तो कैद्यांसोबत जेवतो, खेळतो, त्यामुळे भांडण पेटायच्या आधी त्याला कळतं. याला ते सुरक्षाच म्हणतात, दयामाया नाही.

अडसर

सुमेधा यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून: हे सगळं जागेवर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियाच्या गर्दीचं प्रकरण २०११ साली सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा कैद्यांची संख्या मूळ क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणायचा आदेश कायम झाला. हे ‘खाली आणून’ १३७.५, त्याआधी जवळपास दुप्पट गर्दी होती. व्यायामशाळांत तिमजली खाटा लावल्या होत्या. ज्या दालनात गट बसायचा तिथेच माणसं झोपलेली, आणि एका पहारेकऱ्याकडे इतके लोक की तो फक्त मोजदाद करतो. अशा तुरुंगात चौकट यांचे २०० तास कागदावरच राहतात. म्हणून टिपणातला क्रम उलटा करा. आधी क्षमता आणि हजेरी, मग आठवड्याला प्रत्यक्ष किती तास दालन मोकळं मिळतं, मग त्यात किती गट बसतात, आणि सगळ्यात शेवटी कोणता कार्यक्रम. बहुतेक प्रस्ताव शेवटापासून सुरू होतात.

तळटीप

क्रम बदलतोय. गटांचा हिशोब असा धरलाय: एक दालन, दिवसाला दोन तासांच्या तीन बैठका, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे १५ बैठका. प्रत्येक गटाला आठवड्याला दोन, म्हणजे सात गट, सत्तर माणसं. २०० तासांना ५० आठवडे, तर एका दालनामागे वर्षाला ७० जण. बरोबर?

चौकट

गणित बरोबर, गृहीतक चूक. रद्द झालेल्या बैठका धरल्या नाहीत. चारातली एक गेली तरी ५० चे जवळपास ६७ आठवडे होतात. शिवाय सुरू केलेले सत्तर म्हणजे पूर्ण करणारे सत्तर नव्हेत. पंधरावी बैठक चुकलेल्यांच्या भरपाईसाठी रिकामीच ठेवा, तिच्यात आठवा गट घुसवू नका. आणि चौदा बैठका चालवायला प्रत्येकी दोन माणसं लागतात, म्हणजे आठवड्याला ५६ तास फक्त गटात बसण्याचे, वर तयारी आणि नोंदी. दोन जणांच्या भरतीत हे होणार नाही, निदान चार धरा.

मोजपट्टी

एक दुरुस्ती, टिपण छापायच्या आत. चौकट यांनी रँडचा ४३ टक्के घटीचा आकडा दिलाय तो शक्यतेच्या गुणोत्तराचा आहे. म्हणजे पुन्हा गुन्हा करणारे भागिले न करणारे, या भागाकारातली घट. साध्या भाषेत ती शंभरात १३ ने कमी अशी येते, साधारण ४३ ऐवजी ३०. ‘गुन्हे ४३ टक्क्यांनी घटले’ असं छापलंत तर पहिलाच हिशोबी वाचक पकडेल. त्या आढाव्यातले बरेच अभ्यास चिठ्ठी टाकून केलेले नाहीत, शिकायला जाणारे मुळातच वेगळे असू शकतात, हीही ओळ सोबत हवी.

चौकट

मान्य. माझी घाई झाली.